लग्नाची ब्लू-रे लागत नाही? आधी ड्राइव्ह बघा, सॉफ्टवेअर नंतर

(सामुदायिक रेडिओवरच्या बोलण्याचा मजकूर)

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आलाय. लेकीच्या लग्नाची, नाहीतर गटाच्या कार्यक्रमाची शूटिंगवाल्याने दिलेली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली, तर पडद्यावर काहीच येत नाही. दुकानात नेली की सांगतात, ‘ताई, ही ब्लू-रे आहे, हिला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, विकत घ्यावं लागेल.’ मग ते घ्यायचं का, कोणतं घ्यायचं, आणि गटाच्या पैशातून घ्यायचं का?

मला यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी कॉम्प्युटर नाही. तो असतो ग्रामसंघाच्या नाहीतर प्रभागसंघाच्या खोलीत, माविमच्या लोकसंचालित साधन केंद्रात. कुणाचं कर्ज किती, हप्ता कुणाचा थकला, बैठकीत काय ठराव झाला, बँकेला काय पत्र गेलं, हे सगळं त्याच कॉम्प्युटरमध्ये. त्यात एखादं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे गटाच्या खोलीत अनोळखी माणसाला बसायला जागा देण्यासारखं आहे. तो कोण, कुठला, हे विचारल्याशिवाय आपण कुणाला आत घेत नाही. इथंही तसंच वागायचं.

तर आधी ब्लू-रे म्हणजे काय ते बघू. आपण सगळ्यांना सरसकट सीडीच म्हणतो. पण सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तीन वेगळ्या वस्तू आहेत. आकार तिन्हींचा सारखाच, १२ सेंटिमीटर. म्हणूनच तर घोटाळा होतो. फरक आहे आतल्या टाक्यांचा. तुम्ही गोधडी शिवता. दाभणाने शिवलं तर टाके लांब पडतात, बारीक सुईने शिवलं तर त्याच चौरस हातात कितीतरी जास्त टाके बसतात. डिस्कवर सुईचं काम लेसरचा किरण करतो. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, निळा-जांभळा. त्यावरूनच तिला ‘ब्लू-रे’ नाव पडलं. किरण जितका बारीक, तितके टाके जवळजवळ. सीडीत ७०० एमबी मावतात, साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी, आणि ब्लू-रेत २५ जीबी. दोन थरांची ब्लू-रे असेल तर ५० जीबी. म्हणून तर शूटिंगवाले म्हणायचे की एचडी लग्न पाहिजे असेल तर ब्लू-रे घ्या. चित्र स्वच्छ असतं, यात खोटं काही नाही. हळदीच्या वेळी नवरीच्या हातावरची मेंदीसुद्धा ओळखू येते. पण ती बघायची कशावर, हे सांगायचं मात्र बरेच जण विसरले.

इथंच पहिली गाठ आहे. दाभणाच्या भोकांवरून फिरायला बनवलेलं यंत्र बारीक टाके वाचू शकत नाही. तुमच्या कॉम्प्युटरला डीव्हीडीचा ड्राइव्ह असेल, तर त्यात निळा किरणच नाही. मग जगातलं सगळ्यात महागडं सॉफ्टवेअर टाकलं तरी ब्लू-रे लागणार नाही. पाच हजारांचं टाकलं तरी नाही आणि फुकटचं टाकलं तरी नाही. विहिरीत पाणीच नसेल तर मोटर कितीही अश्वशक्तीची बसवा, काय उपयोग? त्यामुळे कुणी सॉफ्टवेअरची गोष्ट काढली की आधी ड्राइव्हच्या तोंडाकडे बघा. त्यावर ‘ब्लू-रे’ असं लिहिलेलं असतं किंवा इंग्रजीत ‘बीडी’ अशी अक्षरं असतात. नुसतं ‘डीव्हीडी’ लिहिलं असेल तर विषय तिथंच संपला. हल्लीच्या लॅपटॉपला तर कसलाच ड्राइव्ह नसतो. मग यूएसबीच्या वायरीने जोडायचा बाहेरचा ब्लू-रे ड्राइव्ह लागतो. त्याला काही हजार रुपये पडतात. तो साधारणपणे डीव्हीडी आणि सीडीही वाचतो, ही त्यातली जमेची बाजू.

डिस्क कोणती आहे हे ओळखायला तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘बीडी-आर’ किंवा ‘२५ जीबी’ असं असेल तर ब्लू-रे. ‘डीव्हीडी-आर, ४.७ जीबी’ असेल तर डीव्हीडी. पुष्कळदा असं होतं की शूटिंगवाल्याने दिलेली असते साधी डीव्हीडीच, आणि ती लागत नाही म्हणून बाई समजते ब्लू-रे आहे. त्याचं कारण वेगळं आहे. जुन्या विंडोज ७ च्या बऱ्याच कॉम्प्युटरांवर डीव्हीडी आपोआप लागायची. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ती सोय काढून घेतली. विंडोज १० आणि ११ वर डीव्हीडीसाठीसुद्धा वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. आणि ब्लू-रे सिनेमा लावायची सोय तर विंडोजने स्वतःहून कधीच दिलेली नाही. तेव्हा नवीन कॉम्प्युटर घेतला आणि जुनी डीव्हीडी लागेना, तर डिस्क खराब झाली असं समजून टाकून देऊ नका.

आता ड्राइव्ह बरोबर आहे असं धरून चालू. पुढचा प्रश्न, डिस्कला कुलूप आहे का?

बाजारातून विकत घेतलेल्या सिनेमाच्या ब्लू-रेला कुलूप असतं. ते समजायला आपल्या गटाची पेटी आठवा. गट नवे होते तेव्हा पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी ठेवायचो. दोघी एकत्र आल्याशिवाय पेटी उघडत नसे. ब्लू-रेचंही तसंच आहे. किल्लीचा एक भाग डिस्कवर असतो, दुसरा भाग लावणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. हा दुसरा भाग कुणाला द्यायचा हे इंटेल, मायक्रोसॉफ्ट, सोनी, डिस्ने, वॉर्नर अशा बड्या कंपन्यांनी मिळून उभी केलेली एक संस्था ठरवते, आणि त्यासाठी सॉफ्टवेअरवाल्यांकडून पैसे घेते. म्हणून कुलूपवाला सिनेमा लावणारं अधिकृत सॉफ्टवेअर बहुधा विकतचं असतं.

आणि ही किल्ली कायमची नसते, हे दुकानदार सांगत नाही. किल्ली फुटली, चोरीला गेली, असं कळलं की ती संस्था ती रद्द करते. त्यानंतर निघालेल्या डिस्क जुन्या किल्लीने उघडत नाहीत. २००७ साली विनडीव्हीडी नावाच्या सॉफ्टवेअरची किल्ली लोकांनी शोधून काढली. मग ती रद्द झाली आणि ज्यांनी पैसे देऊन ते घेतलं होतं त्या सगळ्यांना नवी सुधारित आवृत्ती टाकावी लागली. म्हणजे असं सॉफ्टवेअर घ्यायचं तर कॉम्प्युटरला इंटरनेट हवं आणि कंपनी त्यात सुधारणा पुरवत राहायला हवी. जुन्या ड्राइव्हच्या खोक्यातून आलेली दहा वर्षांपूर्वीची सीडी कुणी ‘ही टाका, फुकट आहे’ म्हणून देत असेल, तर तिच्यावर नवा सिनेमा लागेलच असं नाही.

आता लग्नाची ब्लू-रे. शूटिंगवाल्याने स्वतःच्या कॉम्प्युटरवर भरलेल्या डिस्कला हे कुलूप नसतं. तुमच्या लग्नाला, तुमच्या गटाच्या वर्धापनदिनाला, तुमच्या प्रशिक्षणाच्या शूटिंगला कुलूप नाही. म्हणजे ते बघायला विकतची किल्लीही लागत नाही. सॉफ्टवेअरवर पैसे खर्च करू का, असं तुम्ही मला विचाराल तर बहुतेकींना माझं उत्तर ‘नको’ असंच असेल, आणि त्याचं कारण हे एवढंच.

या कामाला व्हीएलसी नावाचं सॉफ्टवेअर पुरतं. त्याचं चिन्ह रस्त्याच्या कामावर ठेवतात ना, तो नारिंगी-पांढरा शंकू. तुम्ही मोबाइलवरही बघितला असेल. याची सुरुवात १९९६ साली पॅरिसमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केली आणि २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. खुलं म्हणजे नुसतं फुकट नाही. त्याची आतली रचना कुणालाही बघता येते, सुधारता येते. एखादी बाई लोणच्याची कृती लपवून ठेवते आणि एखादी गावभर सांगते, तसं. आज ते व्हिडिओलॅन नावाची ना-नफा संस्था सांभाळते. त्यात जाहिराती नाहीत, नोंदणी नाही, ‘तीस दिवसांनंतर पैसे भरा’ असा निरोप येत नाही. सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी, बिनकुलपाची ब्लू-रे, पेन ड्राइव्हवरचा व्हिडिओ, सगळं एकातच चालतं. जुन्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवरही चालतं. पंचायतीत किंवा शाळेत लिनक्सचा कॉम्प्युटर असेल तर तिथंही.

लावायचं कसं ते सांगते, जवळ वही असेल तर लिहून घ्या. डिस्क घाला, ड्राइव्हला फिरू द्या, घाई करू नका. व्हीएलसी उघडा. वरच्या पट्टीत डावीकडे ‘मीडिया’ असं लिहिलंय त्यावर दाबा, त्यात ‘ओपन डिस्क’ घ्या. एक चौकट येईल. तिच्यात डीव्हीडी, ब्लू-रे, ऑडिओ सीडी, व्हीसीडी असे पर्याय असतात. आपली जी असेल तिच्यावर खूण करा. तिथंच ‘नो डिस्क मेन्यूज’ म्हणून एक छोटा चौकोन आहे. ब्लू-रेसाठी त्यावरही खूण करा. कारण ब्लू-रेची सुरुवातीची सजवलेली पानं, म्हणजे ‘मेंदी’, ‘हळद’, ‘लग्न’ अशी निवडायची बटणं, व्हीएलसीला दरवेळी जमत नाहीत. पानं वगळली की थेट चित्र सुरू होतं. मग खाली ‘प्ले’ दाबा.

तरीही लागलं नाही, तर फाईलवाटे जा. कॉम्प्युटरमध्ये डिस्क उघडा. ‘बीडीएमव्ही’ नावाचं फोल्डर दिसेल, त्यात ‘स्ट्रीम’ नावाचं फोल्डर. त्याच्या आत ‘एमटूटीएस’ शेपटीच्या फाईली असतात. सगळ्यात मोठी फाईल म्हणजे बहुतेक वेळा मुख्य कार्यक्रम. ती उचलून व्हीएलसीच्या खिडकीत टाका. डीव्हीडीत हेच फोल्डर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचं असतं आणि फाईली ‘व्हीओबी’. व्हीसीडीत ‘एमपीईजी-एव्ही’ नावाचं फोल्डर आणि ‘डॅट’ शेपटीची फाईल. एवढी तीन नावं पाठ झाली की निम्मी दुकानदारी संपली म्हणा.

चित्र दिसतं पण अडखळत चालतं, आवाज पुढे आणि तोंड मागे, अशीही तक्रार असते. ती डिस्कची चूक नाही. डीव्हीडीचा व्हिडिओ सेकंदाला जास्तीत जास्त दहा मेगाबिटच्या आसपास धावतो, ब्लू-रेचा चाळीसपर्यंत जाऊ शकतो. दोन जीबी रॅमचा जुना कॉम्प्युटर त्याच्या मागे पळू शकत नाही. बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करा, आणि फाईल आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून मग लावा. बराच फरक पडतो.

आता व्हीएलसी आणायचं कुठून? एकच ठिकाण, व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण या नावाची नक्कल करून ठेवलेली पानं कमी नाहीत. २०२२ साली आपल्या देशात एक गंमत झाली. गंमत कसली, तापच. त्या वर्षी फेब्रुवारीपासून व्हिडिओलॅनचं अधिकृत पान भारतात बंद केलं गेलं. त्या संस्थेला ना कारण कळवलं, ना बाजू मांडायची संधी दिली. सॉफ्टवेअर वापरायला कुणाला बंदी नव्हती, पण ज्या दारातून ते खात्रीने मिळतं तेच दार बंद. ऑक्टोबरमध्ये संस्थेने सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने मदत केली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या काळात लोकांनी काय केलं असेल? जे पान आधी सापडलं तिथून घेतलं. आता पान सुरू आहे, तेव्हा आडमार्गाने जायचं कारण उरलेलं नाही.

गुगलवर ‘फ्री ब्लू-रे प्लेअर’ असं शोधलं की ढीगभर नावं येतात, आणि वरच्या दोन-चार तर पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. डाउनलोडची तीन-तीन हिरवी बटणं. त्यातलं खरं एखादं. बाकीची दाबली की पानाचा रंग बदलतो, ब्राउझरला भलतीच पट्टी येऊन चिकटते, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ अशी चौकट येते. त्या नंबरवर फोन करू नका. मशीन बंद करा आणि ज्याला कळतं त्याला बोलवा. तालुक्याच्या बाजारात पेन ड्राइव्हवर ‘क्रॅक’ केलेलं, म्हणजे कुलूप तोडलेलं विकतचं सॉफ्टवेअर दोनशे रुपयांत टाकून देणारेही भेटतात. ते टाकताना तुम्हाला सांगतात, ‘अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करा.’ राखणीचा कुत्रा बांधून ठेवा, मग आम्ही आत येतो, असंच ते म्हणतायत. ज्या मशीनवर गटाचा हिशेब आहे त्यावर हे होऊ द्यायचं नाही, एवढा ठराव बैठकीत करून ठेवलात तरी चालेल.

काही मुलं आणखी एक युक्ती सांगतात, की किल्ल्यांची एक यादी इंटरनेटवर मिळते, ती व्हीएलसीच्या फोल्डरमध्ये ठेवली की कुलूपवाला सिनेमाही लागतो. तांत्रिकदृष्ट्या ते पुष्कळ जुन्या डिस्कना जमतं, खरं आहे. पण ती यादी कुणी केली, कुठून आली, सांगता येत नाही. नव्या डिस्कच्या किल्ल्या तिच्यात नसतातच. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलंय. हक्कभंग करायच्या हेतूने असं कुलूप मोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. घरात बसून स्वतःची डिस्क बघणं आणि प्रती काढून विकणं यांत फरक आहे, हे कायद्यातल्या त्या ‘हेतू’ शब्दावरूनच दिसतं. तरीपण संघाच्या कॉम्प्युटरवर हा उद्योग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच, विकत घेतलेल्या सिनेमाची डिस्क आणली आणि समाजमंदिरात पडदा लावून गावाला दाखवली, तर त्यालाही मालकाची परवानगी लागते. डिस्कवर ती घरगुती वापरासाठीच असल्याचं लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

मग विकतचं सॉफ्टवेअर कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे बाजारातल्या सिनेमांच्या ब्लू-रे आहेत आणि त्या कॉम्प्युटरवरच बघायच्या आहेत, त्यांनी. त्यात सगळ्यात माहितीचं नाव पॉवरडीव्हीडी, तैवानच्या सायबरलिंक कंपनीचं. घेताना दोन-तीन गोष्टी विचारा. एकाच नावाखाली स्वस्त आणि महाग अशा आवृत्त्या असतात आणि स्वस्तातल्या आवृत्तीत ब्लू-रे असतेच असं नाही. चाचणीची आवृत्ती टाकून बघायची असेल तर तिच्यात ब्लू-रे चालते का ते आधी वाचा. पैसे एकदाच भरायचे की दरवर्षी, हेही विचारा. आणि मशीन बदललं तर तेच सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकता येईल का, तेही. डिस्कवर ‘अल्ट्रा एचडी’ किंवा ‘फोर-के’ असं लिहिलं असेल तर जास्तच सांभाळून. ती कॉम्प्युटरवर लावायला इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची सोय लागायची, आणि इंटेलने घरगुती वापराच्या नव्या प्रोसेसरमधून ती काढून टाकली. त्यामुळे इथं नवा कॉम्प्युटर जुन्यापेक्षा निरुपयोगी, असा उलटा प्रकार आहे.

शिवाय प्रोजेक्टर. कुलपाचा सिनेमा दाखवताना वायरीच्या दुसऱ्या टोकालाही ओळख पटावी लागते, एचडीसीपी म्हणतात त्याला. आपल्या बऱ्याच केंद्रांत निळ्या तोंडाच्या जुन्या व्हीजीए वायरीचे प्रोजेक्टर आहेत. त्यांना ती ओळख देताच येत नाही, आणि सॉफ्टवेअर अनेकदा काळा पडदा दाखवून गप्प बसतं. शंभर बायका जमवून ठेवल्यावर हे कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं. आपल्या स्वतःच्या शूटिंगला ही अडचण येत नाही.

आता एक प्रश्न वेगळा आहे. मुलगा अमेरिकेत असतो, तिथून मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची डिस्क पाठवली, कधी सिनेमाची पाठवली, ती लागत नाही. सिनेमाच्या डिस्कना देशांप्रमाणे वाटण्या केलेल्या असतात. ब्लू-रेत अ, ब, क अशा तीन. अमेरिका अ मध्ये, युरोप ब मध्ये, भारत क मध्ये. डीव्हीडीत भारताचा क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १. डीव्हीडी घातल्यावर कॉम्प्युटर विचारतो, ‘प्रदेश बदलू का?’ प्रत्येक वेळी ‘हो’ दाबत जाऊ नका. ड्राइव्ह पाचच वेळा बदलू देतो, त्यानंतर जो प्रदेश असेल तो कायमचा. मंडळाच्या घरगुती शूटिंगला सहसा ही वाटणी नसते. मुलाला सांगा, डिस्क पाठवू नको, फाईलच पाठव.

आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यांनाच तेच सांगायचंय. डिस्कचा काळ सरत चाललाय. ब्लू-रेची स्पर्धक होती एचडी डीव्हीडी, ती तोशिबाने २००८ मध्येच सोडून दिली. आपल्याकडे २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून घराघरांत सिनेमे पोहोचवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. ज्या सोनीने ब्लू-रे आणण्यात पुढाकार घेतला, त्याच सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. ड्राइव्ह आज मिळतो, पाच वर्षांनी कितीला मिळेल कुणास ठाऊक. म्हणून ब्लू-रे लावायचं सॉफ्टवेअर निवडताना मी ते एका कामासाठी निवडा म्हणेन. आतलं सगळं एकदा बाहेर काढून ठेवायचं आणि मोकळं व्हायचं.

काय काय असतं त्या डिस्कांत, बघा. नुसती लग्नं नाहीत. गटाची पहिली बैठक, पहिल्यांदा माईकवर बोललेली एखादी आजी, जी आज नाही. आपल्या उमरगा-लोहाऱ्याच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ज्यांची घरं गेली, त्यांच्या घरातले फोटोही मातीतच गेले. त्यांना एका फोटोची किंमत मी सांगायला नको. नंतरच्या वर्षांत कुणी कॅसेटवर काही उतरवलं असेल, पुढे त्याची व्हीसीडी केली असेल, ती आज कुठल्या पत्र्याच्या पेटीत आहे? उमरग्याहून हैदराबादच्या हायवेने निघालं की पुढे झहीराबाद लागतं. तिथल्या शेतकरी दलित बायका स्वतः कॅमेरा हातात घेऊन शूटिंग करतात, आणि २००८ पासून माचनूरला स्वतःचा संगम रेडिओ चालवतात. म्हसवडच्या माणदेशी बायकांचा रेडिओही त्याच वर्षीचा. आपण केलेलं आपणच जपायचं, हे त्यांना कुणी शहरातून येऊन शिकवलं नाही.

बाहेर काढायची पद्धत सोपी आहे, वेळ मात्र लागतो. आधी डिस्क पुसून घ्या. मऊ सुती कापड, लागलंच तर थोडं पाणी, आणि पुसायचं मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल नाही. टूथपेस्ट लावायचा उपाय करू नका. ब्लू-रेत माहितीचा थर चकाकत्या बाजूपासून फक्त दशांश मिलिमीटर आत असतो. वर कडक लेप दिलेला असतो म्हणून ती टिकते, पण खोल चरा पडला तर संपलं. सीडीत उलट असतं. माहिती नाव लिहिलेल्या बाजूला, अगदी वरच्या पापुद्र्याखाली. म्हणून सीडीच्या नावाच्या बाजूवर बॉलपेनने जोर देऊन लिहू नये, चिकटवलेला कागद ओढून काढू नये.

मग मघाशी सांगितलेल्या फाईली कॉम्प्युटरमध्ये उतरवा. इथं एक हमखास अडचण येते. पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, जागा मोकळी, तरी कॉम्प्युटर म्हणतो ‘फाईल फार मोठी आहे’. पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने मांडलेला असला की ४ जीबीच्या वरची एकही फाईल घेत नाही. आतलं सगळं दुसरीकडे ठेवून तो ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या, मग घेतो. फॉरमॅट केलं की आतलं पुसलं जातं, हे विसरू नका.

मोबाइलवर बघायचं असेल तर फाईल लहान करावी लागेल. त्यासाठी हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही खुलं आणि फुकट. ते बिनकुलपाच्या ब्लू-रेची किंवा डीव्हीडीची ‘एमपी फोर’ फाईल करून देतं. कुलूप मात्र ते मोडत नाही. जुन्या मशीनवर तीन तासांच्या लग्नाला अख्खी रात्रही लागू शकते. मधेच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. लोडशेडिंगची वेळ बघून लावा. आणि लहान फाईल झाली म्हणून मूळ मोठी फाईल पुसू नका. नातीच्या पिढीला मोठ्या टीव्हीवर तीच लागणार आहे.

प्रती दोन करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा, एक हार्डडिस्कवर असेल असं बघा. पेन ड्राइव्ह ने-आण करायला चांगला, वर्षानुवर्षं जपायला नाही. फाईलला नाव देताना ‘नवीन फोल्डर ३’ असं ठेवू नका. गाव, प्रसंग, वर्ष आणि कोण कोण दिसतं, एवढं लिहा.

पुढच्या लग्नाचं शूटिंग ठरवताना शूटिंगवाल्याशी हे आधीच बोलून घ्या, ॲडव्हान्स देताना. डिस्क दिली तर दिली, पण फाईली हार्डडिस्कवर पाहिजेत, आणि जोडणी करण्याआधीचं कच्चं शूटिंग किती महिने सांभाळणार तेही सांगा, म्हणावं. बरेच जण काही महिन्यांत पुसून टाकतात, त्यांनाही जागा लागते. गटाचा कार्यक्रम असेल तर हे पावतीवर लिहून घ्या.

एक राहिलं. ज्यांच्या गावात ब्लू-रे ड्राइव्ह कुणाकडेच नाही, त्यांनी एकटीने विकत घेऊ नये. प्रभागसंघाने एक घ्यावा, रजिस्टरला नोंद करावी, आणि तो गावोगाव फिरवावा, शिलाई मशीन फिरवतो तसा. ड्राइव्हबरोबर व्हीएलसीची सेटअप फाईल एका पेन ड्राइव्हवर द्या, म्हणजे ज्या गावात रेंज नाही तिथंही काम अडणार नाही. यूएसबीची छोटी वायर असते ती हरवते, म्हणून दोन घ्या.